मेलेल्या सासूचा दुसरा भाग

सिनेमाचे दुसरे भाग काढणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही. वाशिमच्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीच्या मुलांना मराठी शिकवते. एखाद्या सिनेमाचा दुसरा भाग येणार म्हणून वर्ग उड्या मारायला लागला की मी खडू खाली ठेवते आणि विचारते, पहिल्यात काय राहिलं होतं रे? लग्न झालं, खलनायक आपटला, गाणी झाली. जेवण झालं, हात धुतले, आता पुन्हा ताटावर कशाला बसायचं? आणि हल्ली गोष्टीच्या आधीची गोष्ट सांगायचं नवीन खूळ निघालंय, त्याचं तर नावच काढू नका. बारसं जेवून घरी यावं आणि त्याच बाळाच्या आईबापांच्या लग्नाची पत्रिका हातात पडावी, तसं ते वाटतं. मुलं माझं सगळं ऐकून घेतात, हसतात आणि त्याच सिनेमाला जातात.

असल्या बाईच्या घरात दुसरा भाग निघावा, हा शुद्ध सूड होता. कसा ते सांगते.

माझा धाकटा भाऊ लग्नाची शूटिंग करतो. आमचं गाव जऊळक्याजवळ. भाऊ, भावजय आणि आई तिथे राहतात, थोडी शेती आहे, आणि सुट्टी लागली की मी तिथे जाऊन आयतं खाते. आसपासच्या गावांत लग्न कोणाचंही असो, खांद्यावर कॅमेरा घेऊन स्टेजच्या पुढ्यात उभा राहून लोकांच्या शिव्या खाणारा माणूस म्हणजे माझा भाऊ. त्याच्या धंद्याचे दोन नियम आहेत. एक, पाहुणा सुटता कामा नये, कारण ज्याचं तोंड सीडीत दिसलं नाही तो पुढची पाच वर्षं रुसतो. दुसरा, कॅमेरा बंद करायचा नाही, कारण लग्नात कोण कधी रडेल याचा भरवसा नसतो.

एका दिवाळीच्या सुट्टीत लग्नाच्या तारखा नव्हत्या, कॅमेरा रिकामा पडला होता. भाऊ म्हणाला, "ताई, आपन पिच्चर काढू. तू लिव, मी काढतो."

मी लिहिला. फार काही नवीन नव्हतं. एक म्हातारी सासू, एक दुष्ट सून. सून सासूला पोटभर जेवू घालत नाही, सासू उपाशी मरते, मग सून ऊर बडवते. जुनाच मसाला, पण आपल्या वऱ्हाडी बोलीत, त्यामुळे मला तो फार झणझणीत वाटत होता. सासू आईनं करायची आणि सून भावजयीनं, कारण घरातली माणसं फुकट मिळतात आणि वेळेवर हजर असतात.

आईनं आयुष्यात कधी तोंडाला पावडर लावली नव्हती, पण कॅमेऱ्यासमोर ती अशी बसली की जणू जन्मभर तेच केलं. अडचण भावजयीची होती. तिला सासूच्या तोंडावर म्हणायचं होतं, "तुमच्या ताटात वाढाले घरात काईच नाई, आत्याबाई." ते तिच्या जिभेवर येईना. एकतर ती हसायची, नाहीतर म्हणायच्या आधी आईच्या कानाशी लागून सांगायची, "आत्याबाई, हे मी मनापासून नाई म्हनत हं." शेवटी आईच तिच्यावर खेकसली, "अवं जरा जोरानं बोल न! असं मिळमिळीत बोलशीन त मी मरू कशी?"

मरणाच्या सीनला गाव जमलं. पांढरे कपडे घालून, अगदी खऱ्यासारखं. भावानं सवयीप्रमाणे सगळ्या पाहुण्यांवरून सावकाश कॅमेरा फिरवला, आणि लोकांनीही सवयीप्रमाणे कॉलर नीट केली. एक काका तर हसलेसुद्धा. नंतर मिक्सिंग करताना भावानं आईच्या अंगावर वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या, नवरी-नवऱ्यावर पाडतो तशा. मी ओरडले. तो म्हणाला, "मिक्सिंगमंधी फुलं असतातच, ताई." आणि आई म्हणाली, "राहू दे वं. जितेपनी आंगावर कोन फुलं टाकते?"

पिच्चर मोबाइलवरून मोबाइलवर गेला. बाया पदर तोंडाला लावून रडल्या. भाऊ लग्नांत गेला की लोक नवरी सोडून त्यालाच विचारायचे, दुसरा भाग कवा? त्यानं मला फोन केला. मी साफ सांगितलं, सासू मेली, सून रडली, विषय संपला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले तर ताटात जून, बियांनी भरलेली वांगी. आमच्या घरी वांगी म्हणजे भावजयीची मक्तेदारी. बाजारात ती एकेक वांगं देठापासून तपासून घेते, भाजीवालीनं टोपलं उचलून नेलं तरी हिचं निवडणं संपत नाही. मी विचारलं, ही वांगी कोणी आणली? भाऊ म्हणाला, "म्या." मग मी भावजयीकडे पाहिलं. तिनं पोळी उलटली आणि म्हणाली, "मी नाई जात आता बाजारात."

सुरुवातीला तिनं ते हसत हसतच सांगितलं. जऊळक्याच्या बाजारात एक मावशी बसतात, स्वतःच्या विहिरीवरचा भाजीपाला विकतात. वर्षानुवर्षांची ओळख. भावजय नेहमीसारखी पुढे बसून वांगी निवडायला लागली, तर मावशींनी टोपलं मागे ओढलं. "सासूले उपाशी मारनारीले मी वांगे देत नाई." भावजयीला वाटलं, गंमत करून राहिल्या. तेवढ्यात शेजारची कांदेवाली म्हणाली, "बरोबर केलं." मग मागच्या रांगेतून कोणी काय, कोणी काय.

पुढच्या बाजाराला आई स्वतः गेली. मावशींनी तिला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, मोठी जुडी फुकट दिली. वर दोन केळी. "खाऊन घे माय, घरी नको नेऊ, ती घेईन."

"अवं, ते नाटक होतं!" आई म्हणाली.

"मरनाचं नाटक होतं हे त मले दिसूनच राह्यलं. पन उपाशाचं खरं हाय."

"काहून खरं असन?"

"माह्या पोरीचं लगन तुह्याच पोरानं काढलं कॅमेऱ्यात," मावशी म्हणाल्या. "त्यात एक गोष्ट खोटी नोती."

मावशींचं चुकत नव्हतं. माझ्या भावाच्या कॅमेऱ्यातून या लोकांनी आजवर जे पाहिलं ते सगळं खरंच होतं. मामा रुसला तो खरा, नवरी रडली ती खरी, वरणात मीठ कमी होतं तेसुद्धा खरं. त्याच कॅमेऱ्यातून, त्याच फुलांच्या पाकळ्यांखाली, एक सून सासूला जेवू घालत नाही असं दिसलं तर लोकांनी ते खोटं का मानावं? शहरातल्या सिनेमातल्या खलनायिकेला सगळे नटी म्हणून ओळखतात. माझी भावजय त्यांना फक्त भावजय म्हणून माहीत होती.

इथवर सांगताना ती हसत होती. मग म्हणाली, "बाजाराचं जाऊ द्या, ताई. माहेरी, किन्हीराजाले, माह्या मायले लोक विचारून राह्यले का तुमची पोरगी सासूले असं करते काय? तिनं मले फोन करून विचारलं, खरं सांग बाई, तू जेवाले त देतं न त्यायले?" आणि तिचे डोळे भरून आले. सख्ख्या आईनं असं विचारावं, याचं मला फार वाईट वाटलं. सिनेमातल्या तिच्या त्या वाक्याचा एकेक शब्द मी लिहिला होता.

आईनं ताट सरकवलं. "दुसरा भाग काढा," ती म्हणाली. "माह्या सुनेचं नाव तुमी मळवलं, तुमीच धुऊन द्या. मले बाकी काई मालूम नाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं अंगणात बसलो. मधे कच्चा चिवडा, कांदा-तेल-तिखट मारून. प्रश्न सोपा होता. दुसऱ्या भागात सून चांगली निघायला पाहिजे. पण जिनं ते सांगायचं ती सासू तर पहिल्या भागात मेलेली.

भाऊ म्हणाला, "माय भूत होऊन येते. सगळ्यायले सांगते का सून चांगली होती."

आईचा हात चिवड्यातच थांबला. "आपल्या घरात भूत? तुह्या आज्यानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या अन् तू मायलेच भूत करतं? मी विहारात कोन्तं तोंड घेऊन जाऊ?"

भूत कटलं. पुनर्जन्म त्याच हिशेबात कटला. मग भावानं जुळी बहीण काढली. मेली ती वेगळी, ही तिची जुळी. भावजय म्हणाली, "मंग जे मेली ते त उपाशीच मेली न? तिले कोनी मारलं?" जुळी बहीणही गेली.

मग भाऊ मोठ्या उत्साहात म्हणाला, "आधीची गोष्ट दाखवू! सासू-सून पयले किती गोडीनं राहत."

मी तोंड उघडण्याआधी भावजयच म्हणाली, "हाव, म्हंजे लोक म्हनतीन, पयले बरी होती, घर ताब्यात आल्यावर बिघडली. याच्यापेक्षा आता आहे तेच बरं."

मी सुचवलं, सून पश्चात्ताप करते, गावातल्या म्हाताऱ्यांना जेवू घालते. आई म्हणाली, "पश्चात्ताप कोन करते? ज्यानं केलं तो. तिनं काय केलं?"

चिवडा संपला आणि काहीच ठरलं नाही. वर्गात मी इतकी वर्षं जे सांगत आले तेच सिद्ध झालं होतं. पहिल्या भागानं जे करून ठेवलं ते दुसऱ्या भागाला पुसता येत नाही. मी जिंकले होते आणि मला त्याचं जराही बरं वाटत नव्हतं.

तरी मी हट्टानं काहीतरी लिहिलं. त्यात डॉक्टर येतो आणि सगळ्यांसमोर जाहीर करतो की म्हातारी उपासानं नाही, पोटातल्या आजारानं गेली, आणि सुनेनं तिची किती सेवा केली होती. लिहितानाच मला ते कोमट वाटत होतं. डॉक्टरच्या भूमिकेसाठी भावानं ग्रामपंचायतीच्या शिपायाला पांढरा शर्ट घालून तयार राहायला सांगितलं.

ठरलेल्या सकाळी भावजय म्हणाली, "आधी सरगुंडे होऊ द्या, मंग तुमची शूटिंग. ऊन वाया जाते." सरगुंडे ही आमच्याकडची उन्हाळ्याची वस्तू. कणकेची लांब पट्टी बारीक काडीवर गुंडाळायची, हलकेच सोडवून घ्यायची आणि त्या पोकळ नळ्या उन्हात वाळवून ठेवायच्या. आंब्याच्या रसाबरोबर खातात. सासू-सून कणीक घेऊन गच्चीवर गेल्या. भावानं कॅमेरा तिथेच कोपऱ्यात उभा केला, उजेड कसा पडतो ते बघायला, आणि सवयीनं चालू ठेवला.

मी डॉक्टरचे संवाद हातात घेऊन जिना चढले तर वरून हसण्याचा आवाज. भावानं ओठांवर बोट ठेवून मला पायरीवरच थांबवलं.

आई भावजयीला म्हणत होती, "हे सरगुंडे होय का पाइप? विहिरीवर लावतं काय?"

"तुमी सावलीत बसा आधी. काल चक्कर आली म्हनून कोन सांगत होतं?"

"ते तू चहा दिला नोता म्हनून आली."

"दोन कप दिला!"

"दोन कप मंधी काय होते मले?"

मग आई काडीवर पट्टी गुंडाळता गुंडाळता सांगायला लागली, कोणाला कोण जाणे, बहुधा स्वतःलाच. लग्नानंतरची भावजयीची पहिली चौदा एप्रिल. जयंतीची मिरवणूक निघाली होती, नवी नवरी नवं लुगडं नेसून भिंतीला टेकून उभी. आईनं तिला हात धरून ओढलं, नाच म्हणाली. ती नाचली, आणि असली नाचली की गर्दीत तिच्या दोन्ही चपला गेल्या. रस्त्याचं डांबर तापलेलं. आईनं स्वतःची एक चप्पल काढून तिला दिली. मग दोघींच्या एकेका पायात चप्पल, आणि दुसरा पाय भाजतो म्हणून दोघी लंगडी घालत विहारापर्यंत नाचत गेल्या.

"लोकायले वाटलं का हा नवीन डान्स आला," भावजय म्हणाली. "मागच्या बायाबी तसंच कराले लागल्या."

"अन् तू रडून राह्यली होती का चप्पल गेली."

"नवी होती न, आत्याबाई!"

"मंग म्या घेऊन नाई देल्ली का दुसऱ्या दिवशी?"

आई हसता हसता मागे कलली, तिच्या हातातली पट्टी काडीवरून घसरून पीठभरल्या पदरावर पडली, आणि भावजयीनं ती उचलून परत लाटली. आईच्या कपाळावर ऊन आलं होतं. बोलता बोलताच भावजयीनं तिची चटई हातभर सावलीत ओढली, आईसकट. आईनं शिवी दिली आणि बसल्या जागी ओढली गेली.

मी जिन्यात उभी होते आणि मला फार आनंद होत होता. ही चप्पलची गोष्ट मला माहीतही नव्हती. मी ज्या दोन बायांपैकी एकीकडून दुसरीचा छळ करवून घेतला, त्या दोघींची खरी गोष्ट इतकी वर्षं या गच्चीवर पडून होती, आणि मी कागदावर सासू-सून म्हटल्याबरोबर भांडण लिहून मोकळी झाले होते. डॉक्टरचे संवाद मी घडी घालून ब्लाउजमध्ये खोचले. खाली पांढरा शर्ट घालून बसलेल्या शिपायाला चहा देऊन परत पाठवलं. तो बिचारा फार हिरमुसला.

तोच दुसरा भाग झाला. ना सुरुवात, ना शेवट, नुसती गच्चीवरची एक सकाळ. नावाच्या पाटीवर भावानं लिहिलं, दुसरा भाग. मी म्हटलं, अरे, यात सासू जिवंत कशी ते तरी सांग. तो म्हणाला, "बसेल हाय न समोर. सांगाचं काय त्यात?" पाकळ्या मात्र त्यानं टाकल्याच, आईवर आणि भावजयीवरही. या वेळी मी ओरडले नाही.

संध्याकाळी विहाराच्या पटांगणात चादर ताणून दाखवला. मला धाकधूक होती की लोक विचारतील, गोष्ट कुठे आहे? कोणी विचारलं नाही. चप्पल आली तेव्हा बाया एकमेकींच्या मांडीवर थापा मारत हसल्या. ज्यांनी त्या वेळी मागून लंगडी घातली होती त्यांतल्या दोघी तिथेच बसल्या होत्या, त्या उठून उभ्याच राहिल्या, आम्हीच त्या म्हणून. आई पुढच्या रांगेत बसून स्वतःला बघत होती आणि मधेच म्हणत होती, "पाह्य, किती जाड लाटलं तिनं."

पण विहारातल्यांना खरं काय ते आधीच माहीत होतं. कोर्ट जऊळक्याच्या बाजारात होतं.

मधे थोडे दिवस जाऊ दिले, पिच्चर मोबाइलवरून पोचायला. मग बाजाराच्या दिवशी आईनं भावजयीला उठवलं, नवं पातळ नेसायला लावलं आणि म्हणाली, चल. भावजय नाही म्हणत होती. रिक्षात तिनं माझा हात घट्ट धरला होता. बाजारात शिरल्यावर कांदेवालीनं आमच्याकडे पाहिलं आणि बाजूच्या बाईला कोपर मारलं. मला वाटलं, संपलं, हिला आणायला नको होतं.

मावशी वांग्यांवर पाणी शिंपडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. आधी आईकडे, मग भावजयीकडे. बराच वेळ भावजयीकडेच.

"ते चप्पलचं खरं होय?" त्यांनी विचारलं.

"खरं होय, मावशी."

"एक इच्या पायात, एक तुह्या पायात?"

"हाव."

मावशींच्या तोंडाच्या कडा हलल्या. मग पुन्हा कपाळाला आठी आली. "मंग पयल्या भागात उपाशी काहून ठेवलं त्वा इले?"

भावजयीनं माझ्या हातातून आपला हात सोडवला आणि त्याच हाताचं बोट माझ्याकडे केलं.

"यायनं लिवलं होतं, मावशी. मले म्हना लागलं."

मावशींनी मान वळवली. मी इतकी वर्षं शिकवते, पण कोणत्याही परीक्षकानं माझ्याकडे तसं पाहिलेलं नाही.

"तू पोरगी न इची? सख्खी?"

"हो, मावशी, पण ते नाटक—"

"सख्ख्या मायले उपाशी मारलं त्वा! अन् नाव लावलं सुनेचं!" मावशींचा आवाज पार बाजाराच्या शेवटच्या पालापर्यंत गेला. "अन् कॉलेजात शिकवते म्हने!"

मी मदतीसाठी आईकडे पाहिलं. आई पोत्यावर बसून केळं सोलत होती. कांदेवाली म्हणाली, "बरोबर हाय." आणि भावजय हसायला लागली. आधी पदराआड, मग पदर सोडून, भर बाजारात, पोट धरून.

मावशींनी टोपलं तिच्यापुढे ढकललं. "घे माय, कवळे कवळे घे. तुह्या हातानं निवड." भावजय खाली बसली आणि देठापासून एकेक वांगं तपासायला लागली. मीही वाकून एक उचललं, तर मावशींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"राहू द्या मावशी," भावजय मान वर न करता म्हणाली, "नणंद होय माही. माह्याच घरी जेवते ते."